मूल असे का वागते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी मुलांच्या मनोविकारांचा डॉक्टर आहे. अशा डॉक्टरला व्यासपीठावर उभे केले की तो लोकांना घाबरवून जातो, असा एक समज आहे. मला आपणास घाबरवायचे नाही. उलट, घरोघरी जी भीती दाराआड बसलेली असते, ती थोडी कमी करता आली तर पाहावे, एवढ्याच हेतूने मी आलो आहे.

आत्ताच बक्षीस समारंभ झाला. ज्या मुलामुलींची नावे पुकारली गेली त्यांचे आपण सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु माझे लक्ष मागच्या रांगांकडे होते. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नव्हती अशी मुले तेथे बसली होती. त्यांच्यातली काही साधारण बुद्धीची असतील, काहींनी अभ्यास केला नसेल. पण काही मुले अशीही असतात की ज्यांनी जिवापाड प्रयत्न केलेले असतात आणि तरीही त्यांच्या हाती काही लागत नाही. आजचे माझे बोलणे त्या मुलांविषयी आहे.

तक्रार म्हणजे निदान नव्हे

माझ्याकडे येणारे पालक बहुधा तीनच वाक्ये घेऊन येतात. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ ‘आळशी आहे.’ ‘फार हट्टी आणि चिडखोर झाला आहे.’ सोबत एखादी दादी असली तर ती म्हणते, ‘बच्चा है, सुधर जाएगा.’ शिक्षकांनी वहीत तेच लिहिलेले असते.

ही वाक्ये खोटी नसतात. पण ती तक्रार आहे, निदान नाही. एक साधे उदाहरण घ्या. मुलाला ताप आला म्हणून आपण त्याला दवाखान्यात नेतो. ताप हा काही रोग नव्हे, ती खूण आहे. मलेरियाने ताप येतो, टायफॉइडने येतो, घसा सुजला तरी येतो. डॉक्टरने काही न तपासता प्रत्येक तापाला एकच गोळी दिली, तर आपण त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही. मग ‘लक्ष लागत नाही’ या तक्रारीला मात्र छडी किंवा शिकवणी हे एकच औषध आपण वर्षानुवर्षे कसे देत आलो?

लक्ष न लागण्याची कारणे किती असू शकतात ते पाहा. ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, म्हणजे जन्मजात अवधान कमी आणि चंचलता जास्त, ते एक कारण. दुसरे कारण अध्ययन अक्षमता. अशा मुलाची बुद्धी शाबूत असते, पण अक्षरे ओळखणे, वाचणे, लिहिणे किंवा गणित करणे त्याला विलक्षण जड जाते. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे हे दुखणे पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. तिसरे कारण नैराश्य. मन खचले की पुस्तकाची पाने उलटली जातात, डोक्यात काही शिरत नाही. चौथे कारण चिंता. अशा मुलाचे लक्ष असते, पण ते फळ्यावर नसते. ‘आज मला उभे केले तर काय होईल’ या विचारावर खिळलेले असते. पाचवे स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. ते मूल स्वतःच्या आवडीच्या गोष्टीत तासन् तास रमते आणि इतरांच्या बोलण्यातले न बोललेले त्याला कळत नाही.

याशिवाय शरीराची कारणे आहेत. मुलाला कमी ऐकू येत असेल. रक्त कमी असेल, थायरॉइडचा दोष असेल. रात्री घोरत असेल आणि झोप नीट होत नसेल. अपस्माराचा, म्हणजे मिरगीचा, एक प्रकार असा आहे की ज्यात मूल पडत नाही, फेस येत नाही. ते नुसते काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा भानावर येते. वर्गात हे दिवसातून अनेकदा घडले तरी गुरुजींना वाटते की स्वारी दिवास्वप्ने पाहत आहे. त्याला मेंदूच्या आलेखाची तपासणी आणि मिरगीचे औषध हवे असते. बाकावर उभे करून काय होणार?

चार प्रश्न

मग या सर्वांतून खरे कारण कसे शोधायचे? रक्ताच्या एका थेंबात एडीएचडी किंवा नैराश्य दाखवणारी तपासणी आजही नाही. निदान होते ते विचारपूस करून, पाहून आणि जुन्या गोष्टी धुंडाळून. त्यासाठी मी चार प्रश्न विचारतो. ते आपणही लक्षात ठेवावेत, कारण त्यांची उत्तरे डॉक्टरकडे नसतात, आपल्याकडे असतात.

पहिला प्रश्न, केव्हापासून? एडीएचडी, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण असते. ती लहानपणापासून दिसते. एडीएचडीचे निदान करताना त्याची काही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधी होती की नाही हे पाहावेच लागते. आठवीपर्यंत चोख असलेले मूल नववीत अचानक ढासळले, तर आधी नैराश्य, भीती, कोणी दिलेला त्रास, व्यसन किंवा शरीराचा आजार यांचा शोध घ्यावा.

दुसरा प्रश्न, कुठे कुठे? एडीएचडी घरी, शाळेत, मदरशात, दुकानात, किमान दोन ठिकाणी तरी दिसली पाहिजे. मूल फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करत असेल, तर दोष गणितात किंवा गणिताच्या शिक्षकांच्या धाकात असू शकतो.

तिसरा प्रश्न, सतत की लाटेसारखे? चंचल मूल ईदच्या दिवशीही चंचल असते आणि परीक्षेच्या दिवशीही. नैराश्य काही आठवडे वा महिने येते आणि ओसरते. उन्मादाच्या आजारात काही दिवस असे येतात की मुलाला झोपेची गरजच वाटत नाही, दोन तास झोपूनही ते ताजेतवाने असते, भराभर बोलते, अचाट बेत सांगते. आणि मग ते दिवस संपतात.

चौथा प्रश्न, मूल ते कशासाठी करते? दोन मुले एकच कृती करतात, पण आतली गोष्ट निराळी असते. एक मूल आपल्या वस्तू रोज ठरावीक क्रमाने मांडते, कारण त्यात त्याला आनंद आणि आधार वाटतो. ही कदाचित स्वमग्नता असेल. दुसरे मूलही तसेच मांडते, पण रडत रडत; न मांडल्यास घरावर संकट येईल अशी भीती त्याच्या मनात घुसलेली असते. तो मंत्रचळ असेल. दोघांचा उपचार वेगळा आहे.

एकाखाली दुसरे

येथपर्यंत ऐकून आपणास वाटेल की कारण एकदा सापडले म्हणजे काम संपले. खरी अडचण तेथेच सुरू होते. ही दुखणी फार वेळा एकटी येत नाहीत.

आपल्या देशात पाच भागांतल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात साधारण दर आठ मुलांपैकी एकाला मेंदूच्या विकासाशी संबंधित एखादी अडचण आढळली, आणि अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना एकाहून अधिक अडचणी होत्या. अमेरिकेत २०१६ साली पालकांना विचारून एक पाहणी झाली. एडीएचडी असलेल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांना आणखी एखादा मनाचा, वर्तनाचा वा विकासाचा त्रास होता. म्हणजे ‘हे की ते?’ असा प्रश्न पुष्कळदा चुकीचा असतो. ‘हे आणि आणखी काय?’ असे विचारावे लागते.

डॉक्टरांनाही हे उमगायला वेळ लागला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची रोगनिदानाची एक पुस्तिका आहे आणि जगभर तिचा वापर होतो. १९९४ सालच्या तिच्या आवृत्तीत असा नियम होता की मुलाला स्वमग्नता असेल तर त्याच मुलाला एडीएचडी आहे असे म्हणायचे नाही. त्यामुळे कित्येक मुलांच्या अर्ध्याच दुखण्यावर उपचार झाले. २०१३ सालच्या आवृत्तीत तो नियम काढून टाकण्यात आला. मुले १९९४ सालीही तशीच होती. बदलले ते आमचे पुस्तक.

आता मी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी अकरावीतल्या एका मुलीला तिची अम्मी माझ्याकडे घेऊन आली. मुलगी रडत असे, जेवत नसे, कॉलेजला जायचे नाव काढले की पोटात दुखे. मी नैराश्याचे निदान केले आणि औषध व समुपदेशन सुरू केले. तीन महिन्यांत रडणे थांबले, भूक लागू लागली. मी समाधानाने कागद बंद केला.

सव्वा वर्षाने ती परत आली. या वेळी अब्बा बरोबर होते. मुलगी बारावीत नापास झाली होती. अब्बा रागावलेले नव्हते, थकलेले होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तब्येत ठीक आहे असे आपणच सांगितले. मग आता शिक्षण पुरे झाले. ती अठरा वर्षांची झाली आहे, चांगला रिश्ता आला आहे. आपण फक्त एवढे सांगा की औषध बंद करू का?”

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी काहीतरी विचारायचे म्हणून अम्मीला विचारले, “लहानपणी कशी होती?” अम्मी हसली. म्हणाली, “हिचा डबा शाळेत राहायचा, दप्तर रिक्षात राहायचे. दूध गॅसवर ठेवून ही खिडकीत उभी. सात वर्षांची असल्यापासून आम्ही हिला भुलक्कड म्हणतो.” पुढच्या भेटीला मी जुनी प्रगतिपत्रके मागवली. पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक वर्षी वेगळ्या शिक्षकांनी एकच शेरा लिहिला होता: हुशार आहे, परंतु लक्ष नसते.

त्या मुलीला लहानपणापासून एडीएचडी होती. ती उड्या मारत नव्हती, कोणाला त्रास देत नव्हती, म्हणून कोणी तक्रार केली नाही. मुलींच्या बाबतीत हे वारंवार घडते. दहावीपर्यंत तिने पाठांतरावर निभावून नेले. अकरावीत अभ्यास वाढला, तिला तो सांभाळता येईना. ‘मीच नालायक आहे’ असे तिला वाटू लागले आणि त्यातून नैराश्य आले. मी वरचे दुखणे बरे केले आणि खालचे तसेच ठेवले. ‘केव्हापासून?’ हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. मी तो विचारला नव्हता. ही चूक माझी होती, आणि तिची किंमत ती मुलगी आपल्या शिक्षणाने मोजणार होती.

मी अब्बांना हे सर्व स्पष्ट सांगितले आणि एक वर्ष मागितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, “तुझी काय इच्छा आहे?” माझ्यासमोर ते तिच्याशी प्रथमच बोलत होते. तिने फक्त ‘शिकायचे आहे’ एवढे सांगितले. नवे औषध सुरू केले, अभ्यासाचे लहान लहान तुकडे करण्याची पद्धत शिकवली, नैराश्य परत येते का यावर लक्ष ठेवले. ती बारावी पास झाली. वर्गात पहिली वगैरे आली नाही, साध्या गुणांनी पास झाली. पुढे बी. कॉम. झाली. तिच्या अब्बांचा मी आजही ऋणी आहे. त्यांनी एक वर्ष दिले नसते तर माझी चूक दुरुस्त करायला मला वेळच मिळाला नसता.

उलट बाजूची चूक

याचा अर्थ प्रत्येक मुलावर तीन-तीन शिक्के मारावेत असा नाही. अमेरिकेत एका काळी चिडखोर मुलांवर उन्माद व नैराश्याच्या दुहेरी आजाराचा शिक्का सर्रास मारला जाऊ लागला. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तेथे मुलांसाठी हे निदान लिहिले जाण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस पटींनी वाढले. मुले काही आठ वर्षांत चाळीस पट बिघडत नाहीत. ज्यांची चिडचिड लाटेसारखी येत-जात नव्हती, रोजचीच होती, अशा पुष्कळ मुलांना तो आजार नव्हता. त्यांना कडक औषधे सोसावी लागली. म्हणून २०१३ साली त्यांच्यासाठी वेगळे निदान करण्यात आले.

निदान चुकले की औषध चुकते. उन्मादाचा आजार असलेल्या मुलाला केवळ नैराश्याचे औषध दिले तर कधी उन्माद उसळतो. चिंतेने सैरभैर झालेल्या मुलाला चंचलतेचे औषध दिले तर छातीत धडधड वाढू शकते. म्हणून दहा मिनिटांत निदान करणाऱ्यापेक्षा ‘मला आणखी दोन भेटी लागतील’ असे सांगणारा डॉक्टर बरा समजा. आणि दोन दुखणी सापडली, तर ज्याने जास्त धोका आहे त्याच्यापासून सुरुवात करावी.

आपल्या घरातल्या काही गोष्टी

आता खास आपल्या समाजातल्या तीन-चार गोष्टी बोलतो. कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही.

पहिली गोष्ट वसवसा. एखादा मुलगा वुजू करायला बसतो आणि अर्धा तास उठत नाही. हात धुतला की नाही अशी शंका येते म्हणून पुन्हा धुतो. नमाजची नियत पुन्हा पुन्हा बांधतो. घरचे आधी खूश होतात की मुलगा दीनदार झाला. पुढे हातांची कातडी फाटते, शाळा बुडते. ही धार्मिकता नव्हे, तो मंत्रचळ असू शकतो, आणि त्यावर चांगला उपचार आहे. आपल्या फिकहमध्ये तत्त्वच आहे की खात्रीची गोष्ट नुसत्या शंकेने रद्द होत नाही. डॉक्टर जेव्हा सांगतो की शंका आली तरी पुन्हा धुऊ नकोस, तेव्हा तो त्याच दिशेने बोलत असतो. अशा वेळी मौलानासाहेबांनी आणि डॉक्टरांनी मिळून मुलाला एकच गोष्ट सांगितली तर फार लवकर गुण येतो.

दुसरी गोष्ट असर, नजर, जिन्न. दुआ करण्यास, दम करून घेण्यास माझी कधीच हरकत नसते. आईच्या दुआने मुलाला धीर येतो हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की दुआ करा आणि तपासणीही करा. साखळदंड, मार, धुरी आणि उपास यांनी कोणाचे मन बरे होत नाही. इलाज घेणे ही आपल्या प्रेषितांची, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, शिकवण आहे. अल्लाहने दुखणे दिले तर त्याचा उपायही दिला, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ आहे. आणि मनाचे आजार हे इंग्रजांनी आणलेले फॅडही नव्हे. दहाव्या शतकात वारलेल्या बल्खच्या अबू जैद या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख आणि कारण नसताना येणारे दुःख यांत त्याने भेद केला होता. सुलतान कलावूनने कैरोत १२८४ साली उभारलेल्या मोठ्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठीही जागा होती. हा आपलाच वारसा आहे.

तिसरी गोष्ट भाषा. आपली मुले घरी दखनी किंवा कोकणी बोलतात, मदरशात अरबी वाचतात, शाळेत मराठी किंवा उर्दू आणि वर इंग्रजी शिकतात. नवीन भाषेत अडखळणाऱ्या मुलावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारू नये. त्याची चाचणी त्याला येणाऱ्या भाषेत व्हावी. आठ वर्षांच्या आत तर या निदानाची घाई करूच नये. पण याची दुसरी बाजूही आहे. तीन वर्षांचे मूल एकाही भाषेत बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘घरात तीन भाषा आहेत म्हणून उशीर होतो’ असे म्हणून थांबू नका. अनेक भाषांमुळे मूल मुके राहत नाही. त्याचे कान तपासा आणि विकासाची तपासणी करून घ्या.

चौथी गोष्ट रिश्त्याची भीती. ‘डॉक्टरसाहेब, कागदावर लिहू नका, मुलीचे लग्न जमायचे आहे.’ ही विनंती मी शेकडो वेळा ऐकली आहे. ती भीती मी समजू शकतो. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे आम्हा डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण लपवण्यापायी उपचारच टाळले, तर जे दुखणे सोळाव्या वर्षी सोपे होते ते सव्विसाव्या वर्षी अवघड होते, आणि तेव्हा ते सासरीही लपत नाही.

रमजानविषयीही एक सूचना. औषध चालू असलेल्या मुलाने रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. काही औषधांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला जुळवता येतात. लिथियमसारख्या औषधात पाणी कमी पडल्यास धोका असतो. आपल्या मनाने औषध बंद करू नये. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे.

आता काय करावे?

डॉक्टरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिलीपासूनची प्रगतिपत्रके, दोन-तीन जुन्या वह्या आणि वर्गशिक्षकांचे चार ओळींचे पत्र न्या. मूल केव्हा चालू लागले, केव्हा बोलू लागले हे आठवून ठेवा. रात्री किती वाजता झोपते, मोबाइल किती वेळ पाहते ते लिहून न्या. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सहा तास झोपणाऱ्या कोणत्याही मुलाचे लक्ष उडते. घराण्यात कोणाला असा त्रास होता का ते न लाजता सांगा. आणि मुलाला काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. शाळेत होणारा छळ किंवा नको तो स्पर्श आईबापांसमोर मूल सांगत नाही.

पैसे नाहीत म्हणून थांबण्याचे कारण नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि विकासातल्या अडचणींसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत; तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून मूल त्याच दिवशी घरी येते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तेथे मराठीत बोलता येते.

पूर्ण निदानाचा एक रोकडा फायदाही सांगतो. महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती मिळू लागल्या: जादा वेळ, लेखनिक यांसारख्या. पुढे २०१६ सालच्या दिव्यांगांच्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार आहेत. एडीएचडीचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. आता पाहा, ज्या मुलाला एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, त्याचे निदान पहिल्यावरच थांबले तर हक्काच्या सवलतीला तो मुकतो. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे की अशी मुले नववीच्या सुरुवातीलाच हेरा. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करून प्रमाणपत्र हाती येत नाही.

आणि एक गोष्ट लांबणीवर टाकू नये अशी. मूल ‘मला जगायचे नाही’ असे म्हणाले, किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर ‘अशी भाषा हराम आहे’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. जवळ बसून सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट मुलाचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, घातक वस्तू दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

विद्यार्थी मित्रांनो,

शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर लक्षणांच्या याद्या वाचून स्वतःचे निदान केलेले असेल. वाचा, त्याला माझी ना नाही. पण ती यादी डॉक्टरपुढे प्रश्न म्हणून ठेवा, उत्तर म्हणून ठेवू नका. आणि ज्यांना कोणी आळशी म्हणाले असेल, नालायक म्हणाले असेल, त्यांनी एक ध्यानात धरावे. निदान म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे, आणि काम टाळण्याचा परवानाही नव्हे. आपली गाडी कोणत्या रस्त्यावर का अडते, हे समजून घेण्याचा तो मार्ग आहे.

हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. फिरऔनसमोर जाण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी आपल्या जिभेची अडचण अल्लाहपुढे लपवली नाही. त्यांनी ती गाठ सुटावी म्हणून दुआ मागितली आणि सोबत बोलायला आपला भाऊ हारून मागून घेतला. अडचण सांगितली म्हणून त्यांची योग्यता कमी झाली नाही. मदतनीस मिळाला आणि काम पार पडले. आपल्या घरातले मूल असाच एखादा हारून मागत असेल. तो कधी आई असेल, कधी शिक्षक, कधी लेखनिक, कधी डॉक्टर.

आज घरी गेल्यावर आपण एकच करावे. मुलाचे जुने प्रगतिपुस्तक काढावे आणि गुणांच्या रकान्याऐवजी शेऱ्यांचा रकाना वाचावा. तेथे दरवर्षी तेच ते वाक्य दिसले, तर मुलाला रागावू नये. त्याला जवळ घ्यावे आणि विचारावे, ‘बेटा, तुला नक्की काय होते?’ आणि मग ते सांगेपर्यंत थांबावे.

अल्लाह आपल्या सर्व मुलांना आफियत आणि इल्म देवो, आमीन.